विजेचं ब्लँकेट धुवायचं आणि वाळवायचं कसं: सातारा-महाबळेश्वरच्या थंडीत ते नव्याने वापरणाऱ्यांसाठी

डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठाला आणि लिंगमळ्याच्या बाजूला दव गोठतं. त्या दिवसांत पाचगणी, भिलार, मेढा, वाई आणि खाली सातारा शहरातही अंथरुणात शिरणं नकोसं होतं, आणि विजेचं ब्लँकेट घेण्याचा विचार तेव्हाच डोक्यात येतो. घेतल्यावर ते वापरायला कोणालाही जमतं. प्रश्न येतो हंगाम संपताना. दोन-तीन महिने रोज अंगाखाली असलेलं ब्लँकेट मळलेलं असतं, वास येत असतो, आणि ज्यात वायर आहे ते पाण्यात घालायचं कसं, या भीतीने माणूस एक तर ते तसंच घडी करून कपाटात टाकतो किंवा सरळ चादरीसारखं धुऊन, पिळून मोकळा होतो. दोन्ही टाळा.

एक गोष्ट आधीच सांगते. या कामात धुणं सोपं आहे, सगळी जोखीम वाळवण्यात आहे. धुणं अर्ध्या-पाऊण तासात उरकतं. वाळवायला दोन दिवस लागतात, आणि ते दोन दिवस द्यायची तयारी नसेल तर धुवायला घेऊच नका.

आत काय आहे ते समजून घ्या

ब्लँकेटच्या दोन थरांमध्ये एक लांबलचक, बारीक तार नागमोडी फिरवलेली असते. धाग्यासारख्या गाभ्याभोवती ती तार गुंडाळलेली असते आणि तिच्यावर प्लॅस्टिकसारखं आवरण असतं. तारेतून वीज वाहू लागली की ती तापते. एका माणसाच्या ब्लँकेटची ताकद साधारण ६० ते १०० वॅट, दोघांच्या ब्लँकेटची त्याहून जास्त. म्हणजे गिझर किंवा इस्त्रीच्या मानाने ही फारच थोडी वीज आहे. पण ती आपल्या अंगाखाली, कापडात, रात्रभर असते, म्हणून जपायचं.

या तारेला तीन गोष्टी सोसत नाहीत. पहिली, पीळ. ओल्या ब्लँकेटला पीळ दिला की आतली तार मुडपते, तिचे बारीक पदर तुटतात, आणि जिथे पदर कमी उरतात तिथेच ती जास्त तापते. दुसरी, जागा सोडणं. तारेचे दोन वेढे एकमेकांवर चढले की दोन्हींची उष्णता एका जागी साठते आणि कापड करपायला लागतं. तिसरी, जोडात राहिलेली ओल. धुता येणाऱ्या ब्लँकेटमध्ये तारेचं आवरण पाणी आत जाऊ देत नाही, पण जिथे वायर लावतो त्या जोडातल्या धातूच्या पिना उघड्या असतात. तिथे पाणी साचलं तर वीज भलत्या वाटेने जाऊ शकते, आणि काही दिवसांनी पिनांवर हिरवट गंज चढतो तो वेगळाच.

घोंगडी आपण पिढ्यान्‌पिढ्या आपटून, तुडवून धूत आलोय. माणच्या घोंगडीला ते सोसतं. हाताची ती सवय इथे आवरावी लागते. घरी धुण्याला मावशी येत असतील तर त्यांच्यासमोर ब्लँकेट उलगडून, आतली तार बोटांना लावून दाखवा आणि सांगा, "मावशी, हे पिळायचं नाही, नुसतं दाबायचं." एकदा तार हाताला लागली की पुन्हा सांगावं लागत नाही.

धुता येतं का, हे लेबल ठरवतं

ब्लँकेटच्या कोपऱ्यात शिवलेली पांढरी पट्टी शोधा. तिच्यावर पाण्याच्या टबाचं चित्र असतं. टबात हात दाखवला असेल तर हाताने धुवा. टबात ३० किंवा ४० आकडा असेल तर तेवढ्या तापमानापर्यंत मशीनमध्ये चालतं. टबावर फुली असेल तर पाण्यात घालायचं नाही, विषय संपला. त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नको, इस्त्रीवर फुली म्हणजे इस्त्री नको, आणि नुसत्या गोलावर फुली म्हणजे ड्रायक्लीनिंग नको. ही शेवटची फुली बहुतेक सगळ्या विजेच्या ब्लँकेटांवर असते, कारण ड्रायक्लीनिंगमधली रसायनं तारेचं आवरण खराब करतात. "महागाचं आहे, लाँड्रीत देऊ" हा विचार म्हणून इथे चालत नाही.

आता वायर पाहा. कंट्रोलरसकट वायर ब्लँकेटपासून पूर्ण सुटी होते का? होत असेल आणि लेबलही परवानगी देत असेल तर धुता येतं. वायर ब्लँकेटमध्येच शिवलेली असेल, सुटतच नसेल, तर ते टबात बुडवायचं नाही. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त ब्लँकेटांपैकी बरीचशी अशीच असतात. लेबल निघून गेलंय, पुसट झालंय, किंवा कोणाकडून जुनं आणलंय आणि काहीच कळत नाही, तर ते न धुता येणारं आहे असंच धरून चाला.

न धुता येणाऱ्या ब्लँकेटसाठी ओलं फडकं हाच मार्ग. प्लग भिंतीतून काढा, ब्लँकेट टेबलावर सपाट पसरा, कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण विरघळवून त्यात फडकं बुडवून घट्ट पिळा आणि डागावरून हलक्या हाताने फिरवा. मग साध्या पाण्याचं तसंच पिळलेलं फडकं फिरवून साबण काढा. जोडाच्या आणि वायरीच्या टोकाच्या आसपास वीतभर जागा कोरडीच ठेवा. हे पुसलेलं ब्लँकेटही निदान एक पूर्ण दिवस वाऱ्यावर ठेवल्याशिवाय लावायचं नाही.

दिवस निवडा

आपल्याकडे सर्वांत चांगला काळ फेब्रुवारीचा शेवट ते मार्च. थंडी ओसरलेली, हवा कोरडी, ऊन भरपूर. हंगाम संपल्यावर एकदा धुऊन पूर्ण वाळवून ठेवायचं, म्हणजे दिवाळीनंतर लगेच वापरता येतं.

पावसाळ्यात चुकूनही धुवू नका. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर तिथे साधा टॉवेल वाळायची मारामार असते. साताऱ्यातही श्रावण संपेपर्यंत हवेत ओल असते. ब्लँकेट वरून कोरडं लागेल आणि शिवणींमधून चार दिवस दमट राहील. ऐन थंडीत धुणं भागच असेल तर डोंगरावर सकाळी दहाच्या आधी बाहेर टाकू नका आणि उन्हं उतरायच्या आत, चारच्या सुमारास, घरात घ्या. दहिवरात राहिलेलं ब्लँकेट सकाळी पुन्हा ओलं मिळतं.

पाहुण्यांसाठी खोल्या देणाऱ्यांनी एक हिशेब ठेवावा: एक ब्लँकेट धुण्यात असताना त्या खोलीसाठी दुसरं हवं. शनिवारी पाहुणे येणार म्हणून शुक्रवारी धुतलेलं ब्लँकेट अंथरणं हा सर्वांत धोक्याचा प्रकार आहे.

धुण्याआधी

भिंतीवरचं बटण बंद करा, प्लग काढा, मग ब्लँकेटकडचा जोड सोडवा. कंट्रोलर आणि वायर दुसऱ्या खोलीत ठेवा. त्यांचा पाण्याशी संबंधच येऊ द्यायचा नाही. मळले असतील तर कोरड्या फडक्याने पुसा.

आता ब्लँकेट उजेडाकडे धरा आणि हात फिरवत तारेचा पूर्ण रस्ता तपासा. वेढे सारख्या अंतरावर आहेत का? कुठे गाठ, गुंता, बाहेर डोकावणारी तार, करपल्यासारखा पिवळा-तपकिरी डाग, वितळलेला किंवा काळवंडलेला जोड दिसतो का? यातलं एकही दिसलं तर धुण्याचे कष्ट घेऊ नका. ते ब्लँकेट आता वापरायचंच नाही. सुई-दोऱ्याने ठिगळ लावून किंवा चिकटपट्टी गुंडाळून वायर दुरुस्त करायला बसू नका. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या माणसालाही ते करायला लावू नका.

सगळं ठीक असेल तर ब्लँकेटचं वजन करा. सामान मोजायचा टांगता काटा किंवा स्वयंपाकघरातला काटा चालेल. आकडा लिहून ठेवा. याचा उपयोग पुढे आहे आणि तो फार मोठा आहे.

हाताने धुणं

मोठा टब घ्या, ज्यात ब्लँकेट सैल घडीत बसेल. बादलीत कोंबू नका. पाणी थंड किंवा जेमतेम कोमट. बंबातलं कढत पाणी अजिबात नको. त्याने तारेचं आवरण मऊ पडतं आणि कापडही आटतं. लिक्विड साबण एक झाकण पुरे, आधी पाण्यात नीट मिसळा आणि मग ब्लँकेट सोडा. पावडर टाळा, कारण तिचे न विरघळलेले कण शिवणीत अडकतात. ब्लीच, कपडे मऊ करायचं कंडिशनर, सोडा, काही नको.

दहा-पंधरा मिनिटं भिजू द्या. रात्रभर भिजत घालायची गरज नाही आणि तसं करूही नका. मग तळव्याने दाबा, सोडा, दाबा, सोडा. मळ एवढ्याने निघतो. पायाकडची बाजू जास्त मळलेली असेल तर तिथे जास्त वेळ दाबा. ब्रश तारेवरून फिरवू नका, कापड कापडावर घासू नका.

डागांबद्दल थोडं. चहाचा डाग ताजा असताना साध्या पाण्याने टिपला तर जातो. खोबरेल तेलाचा किंवा बामचा डाग असेल तर त्यावर आधी साबणाचे दोन थेंब बोटाने लावून पाच मिनिटं ठेवा. हळदीचा डाग साबण लागताच लालसर होतो, घाबरू नका. धुऊन उन्हात टाकला की तो आपोआप फिका पडत जातो. घरात लहान मूल असेल आणि ब्लँकेट ओलं झालं असेल, तर ओल्या भागाला हात लावायच्या आधी भिंतीवरचं बटण बंद करा, कोरड्या हाताने प्लग काढा, मग बाकीचं. खरं तर अंथरूण ओलं करणाऱ्या वयाच्या मुलांखाली विजेचं ब्लँकेट घालूच नये.

खळबळायला तीन पाणी लागतात. कासचं पाणी येणाऱ्या शहरातल्या भागात तेवढ्यात साबण निघतो. माण-खटावकडे बोअरचं जड पाणी असेल तर फेस कमी येतो म्हणून आपण साबण वाढवतो, आणि मग तो निघता निघत नाही. उलट करा: साबण कमी, पाणी एक जास्त. कापडात साबणाचा अंश राहिला की ते ओल धरून ठेवतं. शेवटचं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत खळबळत राहा.

पाणी काढायचं ते उचलून नाही. ओल्या ब्लँकेटला एका टोकाला धरून वर ओढलं की सगळ्या पाण्याचं वजन तारेवर येतं. टब कलता करा, पाणी जाऊ द्या, तळव्याने दाबून आणखी काढा. मग दोन्ही हात खाली घालून, बाळाला उचलतात तसं, पूर्ण ब्लँकेट एकदम उचला. जमिनीवर दोन मोठे कोरडे टॉवेल पसरा, त्यावर ब्लँकेट सपाट ठेवा, वरून आणखी टॉवेल टाकून तळव्याने दाबत जा. टॉवेल बदलून पुन्हा एकदा करा. या एका कृतीने वाळायचा वेळ बराच कमी होतो, म्हणून ती चुकवू नका.

मशीन असेल तर

लेबलवर परवानगी असेल आणि मशीन समोरून उघडणारं असेल, तर लोकरीच्या किंवा नाजूक कपड्यांच्या कार्यक्रमावर, ३० अंशांवर, ब्लँकेट एकटंच घालून धुता येतं. पिळण्याचा वेग सर्वांत कमी किंवा बंद. वरून उघडणाऱ्या मशीनमध्ये तळाची चकती कपड्यांना वेटोळं घालते, तिथे मी धुणार नाही, तुम्हीही हातानेच धुवा.

सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या बाजूच्या छोट्या पिंपाला आपण सगळे ड्रायर म्हणतो, आणि इथे गफलत होते. लेबलवरचं चौकोनातल्या गोलाचं चित्र गरम हवेने वाळवणाऱ्या यंत्राबद्दल असतं. आपलं ते पिंप कपडे गरगर फिरवून पिळतं. त्यात विजेचं ब्लँकेट घालायचं नाही, लेबलवर काहीही असो.

वाळवणं

सर्वांत उत्तम साधन म्हणजे नवारीची किंवा नायलॉनच्या दोरीची बाज. गच्चीवर बाज टाका, तिच्यावर स्वच्छ चादर, आणि त्यावर ब्लँकेट सपाट पसरा. वारा खालून-वरून दोन्हीकडून लागतो आणि तारेवर ताण येत नाही. दर दोन-तीन तासांनी उलटवा. ओलं असतानाच हाताने कडा सरळ करा, तारेचे वेढे जागेवर आहेत का ते बोटांनी पाहा; वाळल्यावर ते सरळ करणं अवघड जातं.

बाज नसेल तर हातभर अंतरावरच्या दोन-तीन समांतर दोऱ्यांवर आडवं टाका, म्हणजे वजन वाटलं जाईल. एकाच दोरीवर घडी करून लटकवलं तर दोरीच्या जागी तार कायमची मुडपते. चिमटे लावायचेच असतील तर अगदी कडेच्या शिवणीला, तारेवर नाही. टाचण्या, सेफ्टी पिना कधीच नाहीत. जोड असलेली बाजू उंच राहू द्या, म्हणजे सगळ्या ब्लँकेटचं पाणी त्यातून वाहणार नाही, पण जोडाचं तोंड मात्र खाली वळवा, म्हणजे आतलं पाणी गळून जाईल.

सकाळचं ऊन चांगलं. मार्च सरता सरता दुपारचं ऊन चढायला लागतं, तेव्हा बारा ते तीन सावलीत, वाऱ्यावर घ्या. रोजच्या कडक उन्हाने कापड आणि प्लॅस्टिक दोन्ही लवकर कडक होतात.

हीटरसमोर, शेगडीवर, चुलीच्या उबेला धरू नका. इस्त्री फिरवू नका. आणि अर्धवट वाळलेलं ब्लँकेट प्लग लावून स्वतःच्याच उष्णतेने वाळवायचा मोह होतो, तो सर्वांत वाईट. ओल्या ब्लँकेटमध्ये वीज सोडायची नाही.

पहिल्या दिवशी संध्याकाळी ब्लँकेट हाताला कोरडं लागेल. ते पुरेसं नाही. जिथे दोन थर शिवून तारेसाठी नळीसारखी जागा केलेली असते, तिथे ओल दडते. रात्री घरात, पंख्याखाली, सपाट पसरून ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात. मग तपासा: शिवणींवर गाल टेकवा, थंड लागलं तर ओल आहे. कोरडा टिश्यू कागद शिवणीवर दाबून धरा, तो दमट झाला तरी ओल आहे. आणि आता तो वजनाचा आकडा काढा. धुण्याआधी जेवढं होतं तेवढंच किंवा किंचित कमी भरलं तर पाणी गेलं. पन्नास-शंभर ग्रॅम जास्त भरत असेल तर ते पाणीच आहे, आणखी एक दिवस द्या. हाताला जे कळत नाही ते काटा सांगतो.

जोडाकडे वेगळं लक्ष द्या. तो उलटा धरून झटका, कापसाच्या काडीने तोंडाशी असलेलं पाणी टिपा, सायकलच्या पंपाने दोन-चार वेळा हवा मारा. तोंडाने फुंकू नका, श्वासातही ओल असते. ब्लँकेट पूर्ण वाळल्यानंतरही जोडासाठी आणखी एक रात्र राखून ठेवा.

पहिल्यांदा लावताना

दिवसा लावा, तुम्ही जागे आणि त्याच खोलीत असताना. ब्लँकेट पलंगावर पूर्ण सपाट, वर रजई किंवा घोंगडी नको. घरात ईएलसीबी किंवा आरसीसीबी, म्हणजे वीज भलतीकडे गळली की आपोआप बंद पडणारा मुख्य पेटीतला स्विच, असेल तर त्याचं टेस्ट बटण दाबून तो पडतो ना ते पाहून घ्या. घरगुती वापरासाठी ३० मिलिअँपिअरचा असतो. नसेल तर विजेचं ब्लँकेट वापरणाऱ्या घरात तो बसवून घ्या, हे मी आग्रहाने सांगेन. जोड पूर्ण आत बसवा, कंट्रोलर सर्वांत कमी आकड्यावर ठेवा आणि पंधरा मिनिटांनी तळहात फिरवा. ऊब सगळीकडे सारखी हवी. एखादी पट्टी गारच राहिली, एखादा ठिपका चटका देतो, वास येतो, तडतड ऐकू येते, वाफ दिसते, तर लगेच भिंतीवरून बंद करा. असं ब्लँकेट पुन्हा लावून पाहू नका.

मनात शंका असेल तर लावण्याआधी वायरमनकडून मेगर नावाच्या यंत्राने तपासून घ्या. तारेच्या आवरणातून वीज निसटते का ते त्यात कळतं.

पुन्हा पुन्हा धुवावं लागू नये म्हणून

ब्लँकेट गादीवर आणि त्याच्यावर नेहमी सुती चादर, हे पक्कं ठेवा. घाम, तेल, धूळ चादर घेते आणि चादर हवी तितक्या वेळा धुता येते. आठवड्याला एकदा ब्लँकेट बंद करून, प्लग काढून, खिडकीशी सपाट टाकून हवा लागू द्या. एवढं केलं तर घरच्या वापरात वर्षातून एक धुणं पुरतं.

ठेवताना आणि टाकताना

सैल गुंडाळी करा, घट्ट घडी नको. सुती पिशवीत घाला, वायर आणि कंट्रोलर त्याच पिशवीत पण वेगळ्या कापडात. वर गाद्या, सूटकेस, धान्याच्या पिशव्या रचू नका. डांबराच्या गोळ्या ठेवू नका, त्यांच्या वाफेने आवरण खराब होऊ शकतं. कडुनिंबाचा वाळलेला पाला चालतो. पिशवीवर घेतल्याचं साल लिहा. ब्रिटनमध्ये ही ब्लँकेटं फार वापरतात आणि तिथल्या सुरक्षा संस्था दहा वर्षांनंतर ती बदलायला सांगतात. आपणही तीच मर्यादा धरावी, ब्लँकेट वरून कितीही चांगलं दिसत असलं तरी.

बाद झालेलं ब्लँकेट भंगारात देताना प्लग भिंतीत नाही याची खात्री करून वायर कात्रीने कापून टाका आणि ब्लँकेटचा जोडही कापून काढा. नाहीतर ते चांगलं समजून कोणीतरी घरी नेतं आणि आपल्या म्हाताऱ्या आईच्या अंथरुणात घालतं.